झाकणातले देठ

मी एक जुना क्रेट आहे. निळा, प्लास्टिकचा, तळाला चीर गेलेला आणि ती चीर सुताच्या गाठींनी आवळलेला. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये, माल उतरवायच्या शटरजवळ, मी उपडा पडून असतो.

मित्रांनो, आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो, मग काम, मग कौतुक, मग उपेक्षा, आणि शेवटी एखादी विनंती. मीही त्याच क्रमाने सांगायला बसलो होतो. पण चिरलेल्या वस्तूतून गोष्टी क्रमाने बाहेर येत नाहीत. सांडतात.

जन्म. गरम साचा, वितळलेले दाणे आणि वरून एक दाब. बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखेच पुष्कळ जण माझ्या आधी रचलेले होते. जन्माविषयी मला एवढेच सांगता येईल.

काम. मी शाम्पूच्या बाटल्या वाहिल्या, साबण वाहिले, लहान मुलांच्या दुधाचे डबे वाहिले. सरकत्या पट्ट्यावरून जाताना कोणीतरी माझ्या कडेवरचा बारकोड वाचायचे आणि बारीकसा आवाज व्हायचा. तो आवाज मला आवडायचा. मग एकदा मी वरच्या मांडणीवरून खाली पडलो. तळ चिरला. चिरलेल्या क्रेटमधून माल गळतो, म्हणून मला शटरजवळ फेकून दिले.

म्हणजे माझ्या आयुष्यात उपेक्षा कौतुकाच्या आधी आली. फेकून दिल्यावरच कोणीतरी माझ्यावर बसले.

आता कौतुक.

या गोडाऊनमध्ये सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पिक्चर सांगतात. ज्याने रविवारी नवा पिक्चर पाहिला असेल तो माझ्यावर बसतो. बाकीचे डबे उघडून त्याच्याभोवती गोल करून जमिनीवर. सांगणारा जेवता जेवता सांगतो. पिक्चर संपला की तो आपल्या डब्याचे झाकण उलटे करून पुढे देतो आणि ते झाकण गोलातून फिरते. ज्याला पिक्चर आवडला तो झाकणात आपल्या डब्यातले काहीतरी चांगले ठेवतो. वालाच्या बिरड्याचा चमचा, तळलेली मांदेली, नाहीतर सुकटीची चिमूट. ज्याला आवडला नाही तो मिरचीचा देठ टाकतो. झाकण फिरेपर्यंत कोणी तोंडाने मत द्यायचे नाही. झाकण आधी बोलते, माणसे नंतर.

आणि एक नियम. ज्याच्या झाकणात देठच देठ येतात, त्याने गोलात बसायचे नाही. तो शटरच्या पलीकडे बसून जेवतो, त्याला परत बोलावत नाहीत तोपर्यंत.

हा नियम कोणी केला ते मला ठाऊक नाही. मोडताना मात्र मी कोणाला पाहिले नाही.

गोलावर राज्य होते रंजिताचे. ती पॅकिंगला आहे, भिवंडी शहरात राहते आणि रविवारी नवऱ्याबरोबर मॉलमधल्या थिएटरात जाते. तिच्यासोबत जीवन. तो लोडर, हात मोठे आणि जीभ त्याहून मोठी. आवडत्या पिक्चरवरून दोघांचे नेहमी वाजायचे.

"ज्यात शेवटी सगळे मरतात तो पिक्चर भारी," जीवन म्हणायचा. "एक जरी जिवंत राहिला ना, तर मला वाटतं काम अर्धवट सोडलं."

"मला घर चांगलं दाखवलं की बस झालं," रंजिता म्हणायची. "हिरो काय, कुठलाही चालतो. मी किचन बघायला जाते."

"मग फर्निचरच्या दुकानात जा की."

"तिथे बसू देत नाहीत."

चंद्रा त्या वेळी शटरच्या पलीकडे बसून जेवायची. तिला कोणी देठ दिले नव्हते. तिला कोणी काहीच दिले नव्हते. पन्नाशीची बाई, वज्रेश्वरीकडच्या एका गावातून सकाळी बसने यायची, खोकी चिकटवायची आणि परत जायची. तिने पिक्चर पाहिला असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

एका सोमवारी कोणीच काही पाहिलेले नव्हते. रंजिताच्या मुलाला ताप होता. मी रिकामा. गोल नुसता चावत होता. तेवढ्यात शटरपलीकडून आवाज आला.

"मी बगला एक."

"काकी, तुमच्या गावात थेटर कधी झालं?" जीवन म्हणाला.

"थेटर न्हाय. पण बगला."

ती येऊन माझ्यावर बसली. तिचे वजन मला अजून आठवते. पुरते टेकायचे की नाही हे न ठरवलेल्या माणसाचे वजन.

तिने जो पिक्चर सांगितला त्यात माणसे फार कमी बोलत होती. रंजिताच्या पिक्चरमध्ये डायलॉग असायचे. चंद्राच्या पिक्चरमध्ये नुसते चेहरे. "तो असा दाराशी उभा ऱ्हातो. बोलत न्हाय. चपलेकडं बगतो. मंग तिला कळतं का हा परत जायाला आलाय, ऱ्हायाला न्हाय." आणि पिक्चर मध्येच वळला. सुरुवातीला लग्नघर होते, मध्यंतरानंतर एकदम समुद्रावरची बोट. पण तिने दोन्ही टोके अशी जोडली की बोटीवरच्या माणसाच्या हाताला अजून हळद आहे हे ऐकून जीवनचा घास थांबला.

झाकण फिरले आणि भरून आले. रंजिताने स्वतः एक तुकडा ठेवला आणि बाजूला सरकली.

"काकी, इकडं सरका. जागा हाय."

चंद्रा गोलात बसली. त्या दिवसापासून ती गोलातच जेवू लागली. तिला कोणी विचारू लागले, तिच्या डब्यात डोकावू लागले, तिची चेष्टा करू लागले. तिला झाकणातल्या मांदेलीचे एवढे अप्रूप नव्हते. तिला त्या जागेचे होते. मी हे खात्रीने सांगतो, कारण पुढच्या खेपेला ती माझ्यावर पुरती टेकून बसली.

"काकी, तुमचा आवडता पिक्चर कुठला?" एकदा रंजिताने विचारले.

"ज्यात कुणीतरी कुणाला शोधत जातं."

"आणि सापडतं?"

"सापडायच्या आधीचं मला आवडतं."

सगळे हसले. उत्तर खरे होते हे पुढे कळले, आणि कळले ते वाईट रीतीने.

मध्यंतर.

मित्रांनो, इथे मी थांबलो असतो तर बरे झाले असते. चिरलेला क्रेट लोकांच्या उपयोगी पडला, एका बाईला जागा मिळाली, टाकाऊ वस्तूही टिकाऊ असते. शाळेत यावर चांगले गुण मिळतात. पण मी क्रेट आहे. माझ्यावर जे ठेवतील ते मला वाहावे लागते.

जीवन एका सोमवारी सकाळी सासुरवाडीहून येत होता, वज्रेश्वरीच्याच बसने. आल्या आल्या तो माझ्यावर बसला आणि हसू आवरेना म्हणून मांडीवर थापा मारू लागला.

"रंजिता, काकीचं थेटर सापडलं मला. बस. पुढच्या सीटवर कोण मोबाइल बघत असेल ना, त्याच्या खांद्यावरून बघते ती. मान अशी लांब करून. त्याच्या कानात वायर, म्हणजे हिला आवाज नाही. नुसती तोंडं हलताना बघते."

"आणि शेवट?"

"शेवट कुठला? स्टॉप आला की उतरते. येताना एकाचा अर्धा, जाताना दुसऱ्याचा अर्धा. घरी जाऊन शिवते दोन्ही."

रंजिता हसली नाही. तिने ज्या पिक्चरसाठी झाकणात तुकडा ठेवला होता, ज्याच्यासाठी ती सरकून बसली होती, तो पिक्चर कुठेच नव्हता. तिला फसवल्यासारखे वाटले. ज्यांना फसवल्यासारखे वाटते ती माणसे फार नीट काम करतात.

"तिला एक पिक्चर दाखवू या," ती म्हणाली.

पुढचे सगळे माझ्याच पाठीवर बसून ठरले. जीवनने मोबाइलवर एक व्हिडिओ जोडला. एका पिक्चरमधली नायिका, दुसऱ्यातली नायिका, तिसऱ्यातली. एकीचे लग्न, दुसरीचे रडणे, तिसरी रानातून पळते आहे. मध्ये टूथपेस्टची जाहिरात, ज्यात एक बाई आरशात दात बघते. मध्ये लहान मुलांच्या गाण्यातला हत्ती. जीवनचा मावसभाऊ प्रितेश त्याच बसने यायचा, आणि त्याला चंद्रा ओळखत नव्हती. त्याने तिच्या पुढच्या सीटवर बसायचे, मोबाइल जरा उंच धरायचा आणि कानात वायर घालायची.

सोमवार आला. गोलातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. एकाही माणसाने तिला सांगितले नाही. मलाही ठाऊक होते. पण मला तोंड नाही, म्हणून मी सुटतो.

चंद्रा येऊन बसली. डबा उघडला.

"आजचा येगळाच हाय," ती म्हणाली.

जीवनने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"एक बाई हाय. तिचं लगीन होतं. पण तिला एक दुखणं हाय. कुणी तिला वंगाळ बोललं ना, का तिचं तोंड बदलतं. दुसरंच तोंड होतं. सासू बोलली का एक तोंड, नवरा बोलला का आणखी एक. ती सकाळी उठून आरशात बगते. दात बगते. दातांवरनं तरी वळख पटंल म्हणून."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

"मंग एकदा नवरा रागानं काहीतरी बोलतो. काय बोलतो ते मी सांगत न्हाय, बायकांना ठाऊक हाय. तिचं तोंड इतकं बदलतं का तो तिलाच इचारतो, माझी बायको कुठं गेली. ती म्हणते, मीच. तो म्हणतो, चल हो भायेर. मंग ती रानात पळते. आणि तो तिला शोधाया निघतो. ती समोरनं जाते नि तो तिलाच इचारतो, हिकडनं एक बाई गेली का."

जीवनने मान वर केली. त्याच्या हातातला घास हातातच होता.

"रानात हत्ती हाय. हत्ती तोंड बगत न्हाय. वास घेतो. त्यानं तिला लग्नात बगितलेली. तो सोंड तिच्या डोक्यावर ठेवतो आणि तिथनं हालत न्हाय. नवरा लांबनं बगतो, हत्ती हिच्यापाशीच का उभा ऱ्हायला. आता तो पुढं येतो. एक एक पाऊल. ती उभी हाय. तो तिच्या तोंडाकडं बगतो…"

शटरबाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याचा हॉर्न वाजत होता. गोलात कोणी चावत नव्हते.

"मंग?" जीवन म्हणाला. त्याने स्वतः जोडलेल्या व्हिडिओचा शेवट तो विचारत होता.

रंजिताच्या हे लक्षात आले. आता ती थांबली असती तर खेळ चंद्राने जिंकला असता.

"काकी," रंजिता म्हणाली, "हत्ती कुठल्या पिक्चरमधला ते ठाऊक हाय?"

तिने मोबाइल काढला आणि आवाज पूर्ण वाढवून तो व्हिडिओ लावला. हत्तीचे तोंड हलले आणि त्यातून लहान मुलांचे एक, दोन, तीन, चार बाहेर आले. आरशातली बाई पांढरेशुभ्र दात दाखवत टूथपेस्टचे नाव म्हणाली.

आधी एक हसला. मग सगळे हसले. जीवन सगळ्यात मोठ्याने हसला, कारण त्याला आपला तो 'मंग' पुसायचा होता.

रंजिताने चंद्राच्या मांडीवरचे झाकण उचलले आणि फिरवले. सगळ्यांनी देठ आधीच खुडून ठेवले होते. झाकण परत आले तेव्हा त्यात फक्त हिरवे देठ होते, आणि एक माशाचा काटा. काटा नियमात नव्हता. तो कोणीतरी आपल्या मनाने घातला होता.

चंद्राने झाकणाकडे पाहिले. मग ती उठली. मी हलका झालो आणि मला ते आवडले नाही.

"पण काकी," जीवन मागून म्हणाला, हसता हसता, तरी विचारलेच त्याने, "नवरा वळखतो का तिला?"

"ठाऊक न्हाय," चंद्रा म्हणाली. "माझा स्टॉप आला."

आणि ती शटरच्या पलीकडे जाऊन जेवू लागली.

पुढचे बरेच सोमवार रंजिता माझ्यावर बसली. ती खरे पिक्चर सांगायची, खऱ्या थिएटरात पाहिलेले. "फर्स्ट हाफ चांगला, सेकंड हाफ जरा स्लो. गाणी ठीक. तीन स्टार." झाकणात तुकडे पडायचे, पण कोणी घास थांबवत नव्हते. चंद्राला कोणी परत बोलावले नाही. येता जाता जीवन तिच्याकडे पाहून सोंडेसारखा हात हलवायचा. ती खाली बघून खोकी चिकटवायची. तिची पाठ शटरला टेकलेली असायची. गोलातले हसणे पत्र्यातून तिच्या पाठीत जात असणार.

मग नवशा आला.

नवशा म्हणजे साठीकडे झुकलेला माणूस. सगळी उमेदीची वर्षे त्याने टेमघरजवळच्या एका शेडमध्ये, कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढली होती. ते लूम भंगारात गेले, तेव्हा तो आमच्याकडे झाडूला लागला. फार मोठ्याने बोलायचा आणि फार हसायचा. कोणी काही म्हटले की आधी हसायचा, मग मान डोलवायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला उचलून उलटे केले, तळाची चीर पाहिली, खिशातून सूत काढले आणि चीर ओढून गाठी मारल्या. लूमवर तुटलेला धागा जोडतात तशा गाठी, इतक्या बारीक की बोट फिरवले तरी कळत नाहीत. मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात माझी कोणी दुरुस्ती केली असेल तर ती एवढीच.

"नवशाभाऊ, तुम्ही पण सांगा एखादा," एका सोमवारी रंजिताने त्याच्यासमोर उभे राहून म्हटले. तो हसला आणि बसला.

त्याने सांगितलेला पिक्चर पुतण्याच्या घरी टीव्हीवर पाहिलेला होता. एक आई आणि शहरात गेलेला मुलगा. नवशाचा आवाज सगळ्या गोडाऊनभर जात होता. "पोरगा दारात येतो. आईचे हात पिठात. ती हात धुवायला उठते. पोरगा तिचा हात धरतो आणि नुसता हुंगतो."

शटरच्या पलीकडची पाठ वळली. चंद्रा उठून उभी राहिली होती. हळूहळू गोलाच्या कडेपर्यंत आली.

तिला कळले होते. गोलात आणखी कोणालाच कळले नव्हते. बिनआवाजाचा पिक्चर कसा सांगतात हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मला वाटले, आता हिला हिच्यासारखाच एक माणूस सापडला. आता ही त्याच्या झाकणात आपल्या डब्यातला सगळ्यात चांगला तुकडा ठेवील.

चंद्रा त्याच्यासमोर आली. तोंड नीट दिसेल अशी.

"मंग पोरगा काय बोलला?" तिने विचारले.

"बोलला, आई, हात धुऊ नको. वास राहू दे."

"तुमी ऐकला तसा?"

नवशा हसला. मान डोलवली. मग तिच्या ओठांकडे बघत म्हणाला, "ऐकला म्हणजे… तोंड हलत होतं की त्याचं. दुसरं काय बोलणार?"

चंद्राने गोलाकडे पाहिले. आधी जीवनकडे, मग रंजिताकडे, मग रंजिताच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे.

"ह्यांना ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "लूमनं कान गेल्यात. जीवन, मागं जाऊन हाक मार, बग."

जीवन उठला. नवशाच्या मागे गेला. आधी हळू, मग मोठ्याने, मग टाळी वाजवून. "ओ नवशाभाऊ. ओ हिरो. आग लागली गोडाऊनला." नवशा सगळ्यांकडे बघून हसत होता. सगळे हसत होते, म्हणजे पिक्चर आवडला, असे त्याला वाटले. त्याने आपले झाकण उलटे केले आणि दोन्ही हातांनी पुढे धरले.

पहिला देठ चंद्राने टाकला.

पाठोपाठ बाकीच्यांनी टाकले. नवशा झाकणात बघत राहिला. हसू चेहऱ्यावरून उतरायला वेळ लागला.

"काकी," रंजिता म्हणाली आणि बाजूला सरकली. "इकडं सरका. जागा हाय."

गोडाऊनमध्ये दिवसभर गाड्या मागे येतात आणि मागे येताना हॉर्न देतात. ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याला आत काम देत नाहीत. नवशा ते लपवून होता. हे त्या गोलात प्रत्येकाला समजत होते, चंद्रालाही. टाळ्यांचा आवाज ऐकून सुपरवायझर दारात आला होता आणि त्याने सगळे पाहिले. दुसऱ्या दिवशी झाडू दुसऱ्याच माणसाच्या हातात होता.

आता विनंती.

मित्रांनो, अशा वेळी वस्तू म्हणते, मला जपून वापरा. आमच्या गोडाऊनमधल्या काचेच्या मालाच्या खोक्यांवर तसे लेबलही असते, तुटलेल्या पेल्याचे चित्र काढलेले. माझ्यावर कधी नव्हते. मला ते नको आहे. माझ्यावर बसा, मला लाथेने सरकवा, उन्हात टाका. पण तुमच्यासमोर बसून कोणी आपला आवडता पिक्चर सांगत असेल, तर त्याचे सांगणे संपेपर्यंत तरी मिरचीचा देठ खुडू नका. एवढेच. तुम्ही ऐकाल असे मला वाटत नाही. मी पुष्कळ गोल पाहिले.

नवशाच्या गाठी अजून घट्ट आहेत. चंद्रा आता गोलात रंजिताच्या शेजारी जेवते. माझ्यावर मात्र ती पुन्हा कधी बसली नाही, आणि हत्तीच्या पिक्चरचा शेवट तिने कोणाला सांगितला नाही. बसमध्येही ती आता खिडकीबाहेर बघते, असे प्रितेश म्हणतो.

तिच्या डब्यात मिरची नसते. देठ ती घरूनच कागदाच्या पुडीत घेऊन येते.